थेंब की सुई? लसीची वाट निवडताना

ठाणे-बेलापूर रस्ता आणि पारसिकचा डोंगर यांच्या आसऱ्यानं दाटीवाटीनं वसलेल्या, नवी मुंबईतल्या दिघ्यात, ईलठणपाडा, विष्णुनगर, गणपतीपाडा, यादवनगर अशा वस्त्यांत, ज्यांच्या घरामागे एखादं खुराडं आहे, त्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे. गावठी कोंबड्या पाळणाऱ्याला मानमोडी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. या रोगावर उपचार नाही, लस आहे, आणि ती स्वस्तही आहे. तरीही लस दिलेल्या कोंबड्या मेल्याच्या तक्रारी येतात. त्यात शिळी किंवा उन्हात तापलेली लस हे एक कारण असतं. पण दुसऱ्या कारणाकडे फारसं कुणी पाहत नाही. ते म्हणजे लस शरीरात कोणत्या वाटेनं गेली. सुई टोचली म्हणजे खरी लस, डोळ्यात टाकलेला थेंब म्हणजे नुसती सुरुवात, असा समज सगळीकडे आहे. मानमोडीच्या बाबतीत हा समज उलटा धरावा, आधी थेंब आणि नंतर सुई असा क्रम ठेवावा, आणि थेंबाची पायरी कधीही गाळू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं नीट समजून घेतली तर कुत्रा, गाय, म्हैस यांच्या लसींबद्दलही योग्य प्रश्न विचारता येतात.

लस दिल्यावर शरीर प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं हे आता कोविडनंतर घरोघरी माहीत आहे. पण ही प्रतिपिंडं एकाच जातीची नसतात आणि एकाच ठिकाणी राहत नाहीत. सुईनं दिलेल्या लसीमुळे जी मुख्यतः वाढतात ती रक्तात फिरतात; सस्तन प्राण्यांत त्यांना आयजीजी म्हणतात, पक्ष्यांत आयजीवाय. नाक, घसा, श्वासनळी, आतडं, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू या सगळ्यांवर जे ओलसर अस्तर असतं, त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. तिथे वेगळी जात काम करते, आयजीए. ती अस्तराच्या खालच्या पेशींत तयार होते, अस्तरातून पलीकडे ढकलली जाते आणि बाहेरच्या शेंबडात, अश्रूंत, आतड्यातल्या द्रवात मिसळते. जंतू अस्तराला चिकटण्याआधीच त्याला ती धरते. घराला उंबरठ्यावर एक राखणदार आणि आत माजघरात दुसरा असावा, तशी ही व्यवस्था आहे. दंडात किंवा मांडीत टोचलेली मेलेल्या विषाणूची लस आतल्या राखणदाराला उत्तम तयार करते, पण उंबरठ्यावरच्याला बहुतेक वेळा तिची खबरही लागत नाही. जी लस अस्तरावरच पडते, तीच तिथल्या पेशींना जागं करते.

कोंबडीच्या शरीरात ही गोष्ट माणसापेक्षाही जास्त महत्त्वाची आहे. आपल्याला काखेत, जांघेत, गळ्याशी गाठी असतात. तिथे जंतूंशी लढण्याची तयारी होते. कोंबडीला तशा गाठी नसतात. तिची बरीच तयारी अस्तरालगत विखुरलेल्या पेशीसमूहांत होते. त्यातलं एक मोठं ठाणं डोळ्याच्या खोबणीत, बुबुळाच्या मागे असतं. त्याला हार्डेरियन ग्रंथी म्हणतात. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींनी ती गच्च भरलेली असते. डोळ्यात टाकलेला लसीचा थेंब या ग्रंथीच्या क्षेत्रात पोहोचतो आणि अश्रूंच्या नळीतून नाकात आणि घशात उतरतो. मानमोडीचा विषाणूही श्वासावाटे आणि चोचीवाटे, याच भागातून आत शिरतो. म्हणजे एका थेंबानं लस रोगाच्या वाटेवरच ठेवली जाते. थेंबासाठी वापरतात ती लासोटा लस जिवंत पण सौम्य विषाणूची असते. हा विषाणू 1946 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात लासोटा नावाच्या कुटुंबाच्या फार्मवर सापडला, म्हणून ते नाव. तो अस्तरात थोडा वाढतो, रोग करत नाही, आणि त्या वाढण्यामुळेच तिथली आयजीए तयार होते. मेलेल्या विषाणूला हे जमत नाही.

लस देण्याच्या वाटेनुसार प्रतिपिंडांची जात बदलते, याचा एक जुना आणि फार स्वच्छ पुरावा डुकरांवरच्या संशोधनातून आला. अमेरिकेत ओहायो राज्यात बोल नावाच्या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पिल्लांना मारणाऱ्या एका आतड्याच्या विषाणूवर काम केलं. डुकरिणीला तो रोग तोंडावाटे झाला, तर तिच्या दुधात आयजीए भरपूर आणि दीर्घकाळ येत होती. त्याच विषाणूची लस स्नायूत टोचली, तर चिकात आयजीजी पुष्कळ दिसे, पण पुढच्या दुधात संरक्षण झपाट्यानं ओसरे. दूध पिणाऱ्या पिल्लांना पहिल्या प्रकारच्या आयांनी जास्त चांगलं वाचवलं. आतड्यात जाग्या झालेल्या पेशी रक्तातून प्रवास करून सडांपर्यंत पोहोचतात, हे त्यातून कळलं. केवळ रक्त तपासून लस लागली का हे ठरवता येत नाही, हा त्याचा आपल्यासाठी अर्थ. कोंबड्यांतही हेच दिसतं. रक्ताच्या तपासणीत आकडा उत्तम असलेली, पण फक्त मेलेल्या विषाणूची सुई घेतलेली कोंबडी आजारी न पडता घशातून आणि विष्ठेतून मानमोडीचा खरा विषाणू बाहेर टाकत राहू शकते.

पिल्लांच्या बाबतीत थेंबाच्या बाजूनं आणखी एक कारण आहे. लस घेतलेल्या किंवा रोगातून वाचलेल्या कोंबडीच्या अंड्यातल्या बलकातून आईची प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात उतरतात. पहिल्या आठवड्यात ती पिल्लाला सांभाळतात, आणि साधारण साडेचार दिवसांनी निम्मी, मग आणखी निम्मी होत जातात. ही आईकडून आलेली प्रतिपिंडं रक्तात असल्यामुळे, रक्तात जाणाऱ्या जिवंत लसीला ती तिथल्या तिथे निष्प्रभ करतात. डोळ्याच्या आणि नाकाच्या अस्तरावर त्यांचा पहारा कमी असतो. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब देता येतो आणि तो लागतो. याच कारणानं लहान पिल्लांसाठी थेंबाची शिफारस केली जाते. पिल्लाला सुई टोचणं अवघड म्हणून थेंब देतात, असं समजू नये. थेंबाचं कारण शरीरशास्त्राचं आहे.

आता यावर आक्षेप घेता येतो, आणि तो फुसका नाही. सुई घेतलेली कोंबडी मेली नाही, तर विषाणू बाहेर टाकते की नाही याची चिंता घरच्या माणसानं का करावी? त्याला कोंबडी जगायला हवी, आणि मानमोडी मारते ती विषाणू रक्तातून मेंदूत आणि आतड्यात पसरल्यावर. रक्तातली प्रतिपिंडं तो पसरणं रोखतात. एका खुराड्याचा हिशेब केला तर हा आक्षेप बरोबर आहे. पण दिघ्यासारख्या वस्तीत एक खुराडं असं काही नसतं. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत सगळ्यांच्या कोंबड्या एकाच गटाराकाठी, एकाच उकिरड्यावर चरतात. तुमची न मरता विषाणू टाकणारी कोंबडी शेजारच्या लस न घेतलेल्या पिल्लांना मारते, तुम्ही आणलेल्या नव्या तलंगांना मारते आणि विषाणूला वस्तीत वर्षभर टिकवून ठेवते. जिथे कळप वेगळे असतात तिथे मरण रोखणं पुरेसं ठरेल. जिथे सगळे कळप एकमेकांत मिसळतात तिथे पसरणं रोखलं नाही तर मरणही रोखलं जात नाही. म्हणून दाट वस्तीत अस्तरावरच्या प्रतिकारशक्तीचं मोल खेड्यापेक्षा जास्त आहे.

दुसरा आक्षेप आणखी टोकदार आहे. जंतू ज्या वाटेनं येतो त्या वाटेनं लस द्यावी हा नियम खरा असता, तर कुत्र्याची पार्व्होची लस तोंडावाटे द्यावी लागली असती. पार्व्हो तोंडावाटे येतो, आतडं सोलून काढतो, आणि तरीही त्याची सुईची लस उत्तम चालते. याचं उत्तर विषाणूच्या प्रवासात आहे. पार्व्हो आधी घशाजवळच्या पेशीसमूहात वाढतो, तिथून रक्तात उतरतो आणि रक्तातून आतड्यात जातो. वाटेत रक्त असल्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं त्याला गाठतात. रेबीज तर थेट चाव्यातून मांसात येतो. तिथे अस्तराचा प्रश्नच नाही. गोव्यानं 2021 मध्ये स्वतःला रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, ते मुख्यतः कुत्रे जाळ्यानं पकडून किंवा घरोघरी जाऊन सुईनं लसीकरण करूनच. 2022 मध्ये महाराष्ट्रात गाईगुरांना लम्पीनं ग्रासलं, तेव्हा शेळीच्या देवीची लस कातडीखाली टोचली गेली आणि ती वाट योग्यच होती, कारण लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. म्हणजे नियम थोडा बदलून सांगायला हवा. जंतू कुठून शिरतो एवढंच पाहू नये. तो नासधूस करण्याआधी रक्तातून जातो का, आणि दुसऱ्या जनावराकडे तो कोणत्या वाटेनं निघतो, हे दोन्ही पाहावं. मानमोडीत विषाणू रक्तातून पसरतो, म्हणून सुईचा उपयोग आहे. आणि तो अस्तरावर वाढून अस्तरावरूनच बाहेर पडतो, म्हणून थेंबाशिवाय भागत नाही.

त्यामुळे थेंब आणि सुई यांत भांडण लावणं चूक आहे. दोन्हींचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि याचा एक भक्कम पुरावा भारतातच, पोलिओच्या लसीतून मिळाला आहे. तोंडावाटे दिलेल्या पोलिओच्या थेंबांनी आतड्यात आयजीए तयार होते, टोचलेल्या पोलिओ लसीनं मुख्यतः रक्तात. मग टोचलेली लस आतड्यासाठी निरुपयोगी का? वेल्लोर आणि मुरादाबाद इथल्या मुलांवरचे अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना आधी थेंब मिळाले होते, त्यांना नंतर एक सुई दिली की त्यांच्या आतड्यातली प्रतिकारशक्ती आणखी एका थेंबापेक्षाही चांगली वाढली. एकदा अस्तराला ओळख झाली असेल, तर सुई ती ओळख ताजी करू शकते. ओळखच नसेल, तर सुई एकटी ती निर्माण करू शकत नाही. कोंबड्यांचं आपल्याकडचं प्रचलित वेळापत्रकही याच क्रमाचं आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हा, आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आर-टू-बी लस पंखाखाली किंवा स्नायूत टोचून. आर-टू-बीचा विषाणू लासोटाइतका सौम्य नाही. आठ आठवड्यांआधी, किंवा आधी लासोटा न मिळालेल्या पक्ष्याला ती टोचली, तर लसच त्रास देऊ शकते. अंड्यावरच्या कोंबडीला टोचली तर अंडी कमी होतात. बाजारातून दोन-तीन महिन्यांच्या तलंगा आणून थेट आर-टू-बी टोचण्याचा मोह होतो. विक्रेत्यानं आधी लासोटा दिल्याची खात्री नसेल तर तो टाळावा; आधी लासोटाचा थेंब द्यावा आणि पुढची तारीख पशुवैद्यकाला विचारून ठरवावी.

लासोटा पिण्याच्या पाण्यातून देण्याची पद्धत सोपी म्हणून फार चालते. मोठ्या फार्मवर हजारो पक्षी एकेक करून पकडणं शक्य नसतं, तिथे ती ठीक आहे. दहा-वीस कोंबड्या असलेल्या घरानं ती वापरू नये, असं मी म्हणेन. पाण्यातली बरीच लस पोटात जाऊन नासते, घशाला आणि नाकाच्या मागच्या भागाला ओझरती लागते तेवढीच कामाची. दबकणारी कोंबडी भांड्यापर्यंत पोहोचतच नाही आणि बिनलसीची राहते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी खेड्यातल्या कोंबड्यांसाठी उष्णता सोसणारी आय-टू नावाची लस तयार केली. मोझांबिकमध्ये ती डोळ्यातून, पाण्यातून आणि चोचीतून अशी वेगवेगळ्या वाटांनी देऊन पाहिली गेली, तेव्हा पकडण्याचा त्रास असूनही कोंबड्या पाळणाऱ्यांनीच डोळ्याचा थेंब पसंत केला, कारण त्यानं मर कमी झाली. आणि नवी मुंबईत पाण्याच्या वाटेला आणखी एक अडचण आहे. नळाचं पाणी मोरबे धरणाचं असो की एमआयडीसीचं, त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीन जिवंत लसीला मारतं. पाण्यातूनच द्यायची वेळ आली, तर लिटरला साधारण अडीच ग्रॅम मलईविरहित दुधाची पावडर आधी मिसळून वीस-तीस मिनिटं थांबावं, मग लस घालावी. धातूचं भांडं किंवा फिनेल, साबण लागलेलं भांडं चालत नाही. कोंबड्यांना आधी तास-दोन तास तहानलेलं ठेवावं, म्हणजे सगळं पाणी दोन तासांच्या आत संपेल.

थेंब टाकणं हे घरातल्या कुणालाही जमण्यासारखं काम आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर किंवा पहाटे त्या सुटण्याआधी एकेक धरावी. मान आडवी करून एका डोळ्यात एकच थेंब सोडावा आणि तिनं पापणी मिटून उघडेपर्यंत हात ढिला करू नये. लगेच सोडली तर थेंब मान झटकताना उडतो. लस आणि ती विरघळवायचं पाणी दोन्ही बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणावं आणि उन्हात ठेवू नये. कुपी फोडल्यावर दीड-दोन तासांत काम संपलं पाहिजे. उरलेली लस फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरण्यात अर्थ नाही. शिंकणाऱ्या, नाक वाहणाऱ्या कोंबडीला जिवंत लस देऊ नये. लसीनंतर तीन-चार दिवस थोडी शिंक आली तर घाबरायचं कारण नाही. हात धुतल्याशिवाय स्वतःचे डोळे चोळू नयेत. हा जिवंत विषाणू माणसाच्या डोळ्यात गेला तर काही दिवस डोळे लाल होतात.

मोठी अडचण कुपीच्या आकाराची आहे. लस शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांच्या कुपीत येते आणि घरात कोंबड्या आठ. एकट्यासाठी कुपी फोडणं परवडत नाही म्हणून लोक लसच टाळतात. यावर उपाय एकच, गल्लीनं मिळून एक दिवस ठरवणं. वर सांगितलेला पसरण्याचा मुद्दा लक्षात घेतला तर हा फक्त पैसे वाचवण्याचा उपाय नाही. एका गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांचं अस्तर एकाच आठवड्यात तयार झालं, तर विषाणूला वस्तीत पाय ठेवायला जागा उरत नाही. राणीखेतच्या लसी राज्य सरकारची पुण्यात औंधला असलेली पशु जैवपदार्थ निर्मिती संस्था तयार करते. खासगी कंपन्यांच्याही मिळतात. कुठून आणि केव्हा मिळेल हे पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून मगच तारीख पक्की करावी.

कुत्रा पाळणाऱ्यांनीही वाटेचा प्रश्न विचारावा. कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यावर, ज्याला केनेल कफ म्हणतात, नाकात टाकायची आणि टोचायची अशा दोन्ही लसी आहेत. कुत्रा बोर्डिंगला ठेवायचा असेल तर नाकातली लस काही दिवसांतच काम करू लागते, टोचलेलीला दोन मात्रा आणि काही आठवडे लागतात. पण नाकातली जिवंत लस चुकून टोचली तर तिथे गळू होतं. म्हणून कुपीवर छापलेली वाट कुणीही आपल्या मनानं बदलू नये. गाईम्हशींच्या लाळ्या-खुरकूतची लस टोचूनच दिली जाते, आणि ती चुकवू नये, कारण ती जनावराला आणि दुधाला वाचवते. फक्त एवढं लक्षात ठेवावं की लस घेतलेल्या जनावराच्या घशातही हा विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. साथीच्या काळात नवं जनावर लसीचा दाखला पाहून लगेच दावणीला बांधू नये, काही आठवडे वेगळं ठेवावं.

लस देऊनही कोंबड्या अचानक धडाधड मरू लागल्या, तर ती मानमोडीच आहे असं धरून बसू नये. बर्ड फ्लूची लक्षणं तशीच असतात. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात तो आला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका, जिवंत राहिलेल्या विकू नका, आणि पशुसंवर्धन विभागाला 1962 या क्रमांकावर लगेच कळवा. तशी वेळ आली नसेल, तर आजच शेजारच्या पाच घरांशी बोला, सगळ्यांच्या पिल्लांची वयं लिहून काढा आणि लासोटाची एक कुपी कोणत्या संध्याकाळी फोडायची ते ठरवा.